कॅमरी, कडाका आणि चार टायर

गाडी कुठली घ्यायची हे ठरतं पटकन. भांडण होतं ते व्हेरिएंटवरून! पण पारा उणे वीसला पोहोचतो, तिथे 'टॉप मॉडेल' नेमकं कशाला म्हणायचं? मिनियापोलिसच्या गोठलेल्या रस्त्यांवरून हा आँखों देखा हाल...

सिग्नल लाल झाला. ताईनं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही.

स्पीड काही फार नव्हता. ताशी तीसेक किलोमीटर. कर्वे रस्त्यावर आपल्या रिक्षा याहून जोरात पळतात. ब्रेकचं पेडल थरथरत होतं, खालून कर्र कर्र आवाज येत होता, आणि गाडी मात्र शांतपणे, अगदी राजेशाही थाटात सिग्नल ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आडव्या रस्त्यावरच्या पिकअप ट्रकवाल्यानं हे आधीच ओळखलं होतं. हिरवा लागूनही तो जागचा हलला नव्हता. त्यानं नुसता हात वर केला, 'जा निवांत' असा. मागच्या सीटवर आठ महिन्यांची भाची गाढ झोपलेली.

ताई रस्ताभर एक शब्द बोलली नाही. घरात शिरल्यावर स्कार्फही न काढता जिजूंना एवढंच म्हणाली, "गाडी बदलू या. लगेच."

ही गोष्ट जानेवारी २०२५ ची. मी तिथे गेले होते भाचीच्या बोरन्हाणाला. बॅगेत हलव्याचे दागिने, दोन किलो तिळगूळ आणि कुणाकडून तरी मागून आणलेलं जाडजूड जॅकेट. त्या आठवड्यात मिनियापोलिसमध्ये थंडीची लाट आली होती आणि पारा उणे वीस सेल्सिअसच्याही खाली जात होता. रस्त्यावर बर्फाचे डोंगर वगैरे नव्हते. होता तो काचेसारखा पातळ थर. दिसायला नुसता ओला डांबरी रस्ता. तिकडे त्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात.

चार इंग्रजी अक्षरं आणि एक संसार

जिजूंनी गाडी आधीच हेरून ठेवली होती. टोयोटा कॅमरी. आपल्याकडे कॅमरी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मागच्या सीटवर पेपर वाचणारा बडा साहेब. डिसेंबर २०२४ मध्ये नवी कॅमरी भारतात आली ती एकाच व्हेरिएंटमध्ये, ४८ लाख रुपये एक्स-शोरूम! अमेरिकेत मात्र ती शाळामास्तरापासून सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत कुणाचीही गाडी आहे. 'मिडसाइझ सेदान' या गटातलं तिकडचं सगळ्यात ओळखीचं नाव.

आणि व्हेरिएंट? त्याला तिकडे 'ट्रिम' म्हणतात. २०२५ च्या मॉडेलपासून कॅमरी तिथे फक्त हायब्रिड मिळते. २.५ लिटरचं तेच इंजिन सगळ्यांना. फरक ट्रिमचा. एलई साधी, सुती सीटची. एसई थोडी स्पोर्टी. एक्सएलई ऐषआरामवाली, लेदर आणि मोठ्या स्क्रीनची. आणि एक्सएसई म्हणजे दोन्हींचं कॉकटेल. मॉडेल बाजारात आलं तेव्हाच्या मूळ किमती होत्या एलई २८,४०० डॉलर, एसई ३०,७००, एक्सएलई ३३,४०० आणि एक्सएसई ३४,६००. चारही चाकांना ताकद देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह हवी असेल, तर कुठल्याही ट्रिमवर आणखी १,५२५ डॉलर.

जिजूंच्या मोबाइलवर वॉलपेपर होता लाल एक्सएसईचा. पॅनोरॅमिक छत, १९ इंची अलॉय व्हील्स. ताईच्या चिडण्याचा त्यांनी सोयीस्कर अर्थ काढला होता. "बघ, तुझी ताईसुद्धा हो म्हणाली!"

मी म्हटलं, "जिजू, ती गाडी बदलू म्हणाली. लाल म्हणाली नाही."

बोरन्हाणातली गाडीपे चर्चा

रविवारी बोरन्हाण झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि चॉकलेटं डोक्यावर पडत असताना भाची हलव्याचा मुकुट चाटण्यात बिझी होती. योगायोग बघा, कॅमरी हे नाव ज्या जपानी शब्दावरून आलंय त्याचा अर्थही मुकुटच!

बायका हळदीकुंकवात गुंतल्यावर पुरुषमंडळी गॅरेजात जमली. मी जर्नालिस्ट असल्याचा फायदा घेऊन त्यांच्यात घुसले. चार घरांच्या चार कॅमऱ्या, चार ट्रिम आणि चार मतं. नावं सांगत नाही. एव्हाना मी सगळ्यांची बारशी ट्रिमवरूनच करून टाकली होती.

एक्सएलई-वहिनी हळदीकुंकू अर्धवट टाकून आल्या होत्या. त्यांचा मुद्दा स्पष्ट. "सकाळी सहाला ड्यूटीला निघते मी. गरम सीट नसती तर नोकरी सोडली असती." एक्सएलईमध्ये पुढच्या गरम सीट मुळातच येतात, या पॉइंटवर त्या ठाम होत्या.

एसई-दादाला सस्पेन्शनचं कौतुक. "वळणावर गाडी कशी चिकटून जाते ना!"

"जानेवारीत?" कुणीतरी विचारलं. दादा गप्प.

एक्सएसई-भाऊंची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह. हायब्रिड कॅमरीत मागच्या चाकांसाठी वेगळी इलेक्ट्रिक मोटर असते. पुढची चाकं घसरायला लागली की ती मदतीला धावून येते. "बर्फ काय, काहीही येऊ दे. चार चाकं ओढतात म्हटल्यावर टेन्शनच नाही."

कोपऱ्यात तिळाची वडी चघळत उभे होते एलई-काका. मिनेसोटात बावीस हिवाळे काढलेले. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला होता, तो दिवस त्यांनी गाडी चालवत काढलेला. त्यांची एलई सगळ्यात स्वस्त, तीसुद्धा साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह. वडी संपवून ते एवढंच म्हणाले, "ओढतात चार चाकं, कबूल. पण अगं, गाडी थांबवायला प्रत्येक गाडीत चारच चाकं असतात."

मला सिग्नलवरचा पिकअप आठवला.

नाव सोनूबाई...

दुपारी सगळी वरात निघाली जवळच्या एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. एका टोकाला पोरांनी स्केटिंग करावं इतका गुळगुळीत बर्फ. काकांची एलई आणि भाऊंची एक्सएसई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

पहिला राउंड गाडी सुटण्याचा. भाऊंची एक्सएसई झोकात निघाली. काकांची पुढची चाकं क्षणभर नुसतीच फिरली, मग तिनं पकड घेतली. भाऊंनी काचेतून आम्हाला अंगठा दाखवला.

दुसरा राउंड थांबण्याचा. दोघांचाही स्पीड तोच, ब्रेक त्याच खुणेवर. काकांची गाडी थोडी सरकली आणि थांबली. भाऊंची तिच्या शेजारून पुढे गेली... आणि जातच राहिली. थांबली तेव्हा दोघांमध्ये चार-पाच गाड्या आडव्या मावतील इतकं अंतर होतं. चार-पाच गाड्या! म्हणजे एक अख्खा चौक.

भाऊ उतरले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पण दोष गाडीचा नव्हता. ब्रेक दोन्हींचे तसेच. फरक होता तो टायरचा. भाऊंच्या गाडीला होते 'ऑल-सीझन' टायर, काकांच्या गाडीला विंटर टायर.

यामागचं सायन्स सोपं आहे. साध्या टायरचं रबर तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की कडक व्हायला लागतं. उणे वीसला ते फ्रिजमध्ये विसरलेल्या श्रीखंडाच्या गोळीसारखं होतं. मग ते रस्त्याला धरत नाही, त्यावरून घसरतं. विंटर टायरचं रबर कडाक्यातही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक बारीक चिरा बर्फाला चावा घेतात. अशा टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. शेजारच्या कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. मिनेसोटात सक्ती नाही. त्यामुळे बरेच जण 'ऑल-सीझन' या शब्दावर विसंबून राहतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

आणि आमच्या ताईच्या जुन्या गाडीचे टायर? तेही ऑल-सीझनच. वर पाच हिवाळे झिजलेले.

टॉपचं खाली, बेसचं वर

त्या रात्री जिजूंनी कागद-पेन काढलं. तेव्हा लक्षात आलं की थंडीत ट्रिमची अख्खी उतरंड उलटी होते.

एक्सएसईची १९ इंची चाकं फोटोत झकास दिसतात. पण चाक मोठं म्हणजे रबराची भिंत आखूड. हिवाळा सरताना पाणी गोठून-वितळून रस्त्यांना खड्डे पडतात, तेव्हा तो दणका थेट रिमला बसतो. शिवाय त्या मापाचे विंटर टायर महाग. एलईची चाकं १६ इंची, टायर गुबगुबीत आणि स्वस्त. आम्हाला एका दुकानानं रिमसकट सेटचा भाव सांगितला तो हजार डॉलरच्या आसपास.

मायलेजमध्येही तेच. अमेरिकी सरकारच्या आकड्यांनुसार साधी एलई गॅलनला ५१ मैल देते, म्हणजे लिटरला साधारण २१.७ किलोमीटर. ऑल-व्हील ड्राइव्ह एलई ५०. तीच ड्राइव्ह एक्सएसईमध्ये घेतली की ४४. आणि हे आकडे बऱ्या हवेतले. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये पारा उणे सातला आला की हायब्रिडचं मायलेज ३० ते ३४ टक्क्यांनी घटू शकतं, असं तिथलं ऊर्जा खातंच सांगतं.

राहिल्या वहिनींच्या गरम सीट. त्या आणि गरम स्टिअरिंग एलईवरही वेगळं पॅकेज म्हणून घेता येतात. ही चैन वाटते ना? मलाही वाटायची. पण लहान मुलांना कार सीटमध्ये फुगीर जॅकेट घालून बांधू नये, असं डॉक्टर सांगतात. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टे सैल पडतात. म्हणजे बाळासाठी गाडी आतून उबदार असणं हा चोचला नव्हे.

जिजूंनी बेरीज केली. एलई, अधिक ऑल-व्हील ड्राइव्ह, २९,९२५ डॉलर. त्यात टायरचे हजार मिळवले तरी साध्या एक्सएसईपेक्षा साडेतीन हजारांहून जास्त वाचत होते. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग वॉलपेपरकडे.

काकांचा थंडीचा फंडा

• दर साडेपाच अंश थंडीमागे टायरमधली हवा साधारण १ पीएसआयनं उतरते. महिन्यातून एकदा तरी तपासा.
• उणे १८ ला बॅटरीची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. जुनी बॅटरी हिवाळ्याआधीच बदला.
• विंटर टायर नेहमी चारही लावा. पुढेच दोन लावले तर मागची बाजू घसरून गाडी गरकन फिरते.
• टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. कुठे अडकलात तर हीटर हाच आधार.
• डिकीत फावडं, ब्लँकेट आणि मांजराच्या शी-शूची वाळू ठेवा. मांजर नसलं तरी! चाकाखाली टाकली की पकड मिळते.

आपल्याला काय त्याचं?

पुण्या-मुंबईत बर्फ पडत नाही, मान्य. पण जूनमधला पहिला पाऊस आणि घाटातलं ते तेलकट वळण आठवा. आपण सनरूफसाठी लाखभर जास्त मोजतो, वर्षातून चारदा उघडतो, आणि टायर मात्र 'अजून एक पावसाळा जाईल की' म्हणत गुळगुळीत होईपर्यंत वापरतो. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. हे बघायला एक मिनिट लागतं आणि पैसे शून्य. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम आपल्या तळहाताएवढा असतो. आपलं सगळं टॉप मॉडेल त्या चार तळहातांवर उभं असतं.

ताईकडची गोष्ट अशी संपली. गाडी लगेच बदलली नाही! मंगळवारी जुन्याच गाडीला चार विंटर टायर लागले. नवी कॅमरी आली ती ऑक्टोबरमध्ये, एलई, ऑल-व्हील ड्राइव्ह, गरम सीटवाली. पहिल्या दिवसापासून डिकीत मांजराची वाळू. रंग लाल. तेवढा हट्ट ताईनं पुरवला.

पण मला आठवतो तो माझ्या परतीच्या आदला दिवस. तीच जुनी गाडी, तोच रस्ता, तोच सिग्नल. मागच्या सीटवर भाची, आज जागी. सिग्नल लाल झाला. ताईनं ब्रेक दाबला. मी नकळत दाराचं हँडल घट्ट धरलं.

गाडी थांबली. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, हातभर जागा ठेवून.

ताईनं आरशातून मागे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिळगूळ उरलाय का गं?"