वजनकाटा अर्धंच सांगतो

मुंबईत गोवंडी स्टेशन रोडवर, देवनारच्या बाजूला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था केंद्र सरकारसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहते. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत वजन-उंचीच्या जोडीला पहिल्यांदाच कंबर आणि नितंबांचा घेरही मोजला गेला. आकडे डोळे उघडणारे निघाले. १५ ते ४९ वयोगटात बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष सुमारे २३ टक्के. पण कंबर-नितंब गुणोत्तरात धोक्याची रेषा गाठलेल्या स्त्रिया जवळपास ५७ टक्के, तर पुरुष ४८ टक्के!

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १८३०च्या दशकात हे सूत्र मांडणारे बेल्जियमचे आदोल्फ केतले गणिती होते, वैद्य नव्हेत. चरबी किती, स्नायू किती, हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्याच शरीरावरून दाखवून दिलं. ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन आणि ते, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने दोघांचा फोटो या आकड्यांसह छापला. पुणे परिसरातल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या गटाला हेच दिसलं होतं: सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून.

म्हणूनच या संस्थेच्या आसपास, गोवंडीच्या वस्त्यांत, घेर मोजणं दुहेरी महत्त्वाचं. अंगणवाडीत बाळाच्या दंडाभोवती पट्टी लावतात, ११.५ सेंटिमीटरच्या आत घेर भरला, तर तीव्र कुपोषण. अशा अशक्त बाळाचं पुढे मोठेपणी पोट सुटलं, तर मधुमेहाची भीती अधिक. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी थेट यकृताला जाऊन भिडते आणि इन्सुलिनचं काम बिघडवते. मांड्यांवरची चरबी तेवढी त्रासदायक नसते.

एक उदाहरण घेऊ. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५६ किलो, कंबर ८२, नितंब ९२ अशी एखादी गृहिणी. बीएमआय २३.३. जगाच्या २५च्या मापाने ठीक. आशियाई लोकांसाठीच्या २३च्या रेषेने किंचित जास्त. कंबर मात्र भारतीय स्त्रियांसाठीच्या ८०च्या मर्यादेपुढे (पुरुषांना ९०). गुणोत्तर ०.८९, स्त्रियांना धोका ०.८५ पासून, पुरुषांना ०.९० पासून. आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे साडेसत्त्याहत्तरहून, मोठी. चारचौघींत ही बाई जाड म्हणून कुणाच्या नजरेतही येणार नाही.

मोजायचं कसं? पँटचा नंबर धरू नका. पँट बहुतेकदा सुटलेल्या पोटाच्या खाली बसते. सरळ उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. ती सगळीकडून जमिनीला समांतर हवी, आवळलेली नको. सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढलंत, तर फसवणूक स्वतःचीच.

आकडा जास्त आला म्हणजे रोग जडला असं नाही. पण साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे. ‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी.