चोरी की आजार?

आमचे तीर्थरूप संस्थानाच्या अखेरच्या दिवसांत, मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा, बडोद्याच्या दरबारी सारंगीच्या साथीला बसत. त्यांच्या वाद्यांच्या खोलीला कधी कुलूप नसे. तीच रीत मी माझ्या गायनवर्गात ठेवली आहे. काही वर्षांपूर्वी तेथून वस्तू नाहीशा होऊ लागल्या. सतारीच्या नख्या, तंबोऱ्याचे मणी, एकदा तर तबल्याची हातोडी. माझा संशय झाडलोट करणाऱ्या मुलावर गेला. पुरावा काही नव्हता. तो गरीब होता, एवढेच. मी त्याला कामावरून काढले.

वस्तू जातच राहिल्या. एके दिवशी एका शिष्येच्या पिशवीतून नख्या सतरंजीवर सांडल्या. घराणे जुने, खाऊनपिऊन सुखी. बाई गाणे शिकत. सतारीला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. घरच्यांनी डॉक्टर गाठला आणि आम्ही सर्वांनी ‘आजार आहे हो बिचारीला’ म्हणून विषय मिटविला.

आजार खराच होता. एस्किरोल आणि मार्क या फ्रेंच वैद्यांनी १८३८ साली त्याला ‘क्लेप्टोमेनिया’ असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीतही तो आहे. रोग्याला वस्तूची गरज नसते, पैशाचा लोभ नसतो. उचलण्यापूर्वी जीव कासावीस होतो, उचलताच क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि मग लाज पोखरते. हा आजार विरळा. हजारी ३ ते ६ माणसांना असावा, असा अंदाज आहे. त्यावर मानसोपचार आहेत. दारू सोडविण्यासाठी देतात त्या नालट्रेक्झोन या औषधाने ही ओढ कमी होते, असे २००९ साली २५ रोग्यांवरील एका लहान प्रयोगात दिसले.

मग शिक्षा करावी की उपचार? हा प्रश्न १८९६ साली लंडनमध्येही गाजला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची पत्नी एला कॅसल दुकानांतील वस्तू उचलताना पकडली गेली. तिला तीन महिन्यांची कैद झाली, परंतु प्रकृतीच्या कारणावरून काही दिवसांतच सरकारने तिला सोडले. सोडले हे योग्यच झाले. पण त्याच शहरात पोटासाठी चोरी करणाऱ्या बाईची नाडी कोण पाहणार होते?

आपला कायदा वेडाची सबब मानतो. परंतु आपण करतो ते चूक आहे, हे न कळण्याइतकी बुद्धी भ्रमिष्ट असेल तरच. या रोग्याला तर सारे कळत असते. हात मात्र आवरत नाही. म्हणून ती सबब त्याला सहसा लागू पडत नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक वाट आहे. पहिलाच गुन्हा, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू आणि ती परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे याला उपचारांची जोड हवी. वस्तू परत द्यावी, नुकसान भरून काढावे आणि डॉक्टरांकडे जाणे चुकवू नये. आजार म्हणजे माफीचा कागद नव्हे. तसाच तुरुंग म्हणजे औषध नव्हे. आणि ही तपासणी वाड्यातल्या माणसाची जशी व्हावी, तशीच चाळीतल्या माणसाचीही व्हावी.

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, ठाऊक नाही. बाईंचा आजार उघड झाल्यावर मी त्या मुलाला शोधीत गेलो. तो एका गॅरेजमध्ये काम करीत होता. मला पाहताच हात पुसत उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हातोडी सापडली का?”

मी म्हटले, “सापडली.” माफी मागावयास गेलो होतो, ती शब्दांत मागण्यास मला बराच वेळ लागला.