आडवाट आणि मुक्काम

गेल्या जानेवारी महिन्यांत आम्ही चौघे जुने सहाध्यायी दोन मोटारी, दोन तंबू व दोन दिवसांचा शिधा घेऊन चिपळूण तालुक्यांतील पोफळी ह्या गांवच्या परिसरांत फिरून आलों. डांबरी सडक सोडून बैलगाडीच्या वाटेनें व ओढ्यानाल्यांतून मोटार नेणें आणि रात्रीं उघड्यावर मुक्काम करणें, हा छंद अलीकडे तरुण मंडळींत बराच वाढला आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांनीं त्याचीं चित्रें पाहिलीं असतील, आणि तीं पाहून त्यांच्या वडील मंडळींस काळजीही वाटली असेल. ह्या छंदांत आनंद आहे हें खरें. तशीच ती काळजीही रास्त आहे. म्हणून आडवाटेवर मोटार कशी चालते, आणि मुक्कामाची जागा निवडतांना एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस कोणत्या संकटांतून वांचविलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पोफळी हें गांव सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं वसलेलें आहे. चिपळुणाहून कऱ्हाडास जाणारी सडक येथून पुढें कुंभार्ली घाट चढूं लागते. घाटाच्या वर कोयनेचें खोरें आणि सातारा जिल्हा. खालीं वाशिष्ठीचें खोरें आणि कोंकण. माथ्यावर वर्षास पांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसानें डोंगराची माती धुपून ओढ्यांच्या कांठीं येऊन सांचते. हिंवाळ्यांत ती वरून वाळलेली दिसली तरी आंतून ओलीच असते. उतारावर कातळ उघडा पडतो व त्यावर सुटे खडे राहतात. त्यामुळें येथील आडवाटेवर थोड्याशा अंतरांत कातळ, खडी, चिखल आणि पाणी हीं चारही भेटतात, व प्रत्येकाचा नियम निराळा असतो.

अशा वाटेस मोटारही निराळी लागते. ह्या जातीच्या मोटारींत सर्वांत प्रसिद्ध ती जीप. दुसऱ्या महायुद्धांत 1941 पासून अमेरिकेंतील विलिस कंपनीनें ती सैन्यासाठीं मोठ्या संख्येनें बांधली. युद्धानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिची जोडणी सुरू केली, आणि पुढें ती आपल्याकडील खेड्यापाड्यांत परिचयाची झाली. साध्या मोटारींत इंजिनाचा जोर पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांस मिळतो. जीपसारख्या मोटारींत एक जादा दांडा सरकविला कीं तो चारी चाकांस मिळूं लागतो. शिवाय तिच्यांत मंद गतीच्या गीअरांची वेगळी सोय असते. ती लावली म्हणजे इंजिनाची गति तीच राहिली तरी चाकें पुष्कळ हळू फिरतात, पण त्यांचा जोर त्या प्रमाणांत वाढतो. पहारीनें धोंडा उचकटतांना आपला हात पुष्कळ खालीं जातो व धोंडा थोडाच वर येतो. परंतु एरवीं न हलणारा धोंडा हलतो. त्यांतलाच हा प्रकार आहे.

पहिला धडा आम्हांस चिखलानें दिला. एका ओढ्याच्या कांठीं वरून कोरडी दिसणारी माती पाहून आमच्यांतील एकानें चारी चाकांचा जोर न लावतांच मोटार पुढें घातली. मागचें एक चाक रुतलें. गडबडीनें त्यानें ॲक्सिलरेटर दाबला, तसें तें चाक गरगर फिरून स्वतःचाच खड्डा खणूं लागलें, आणि पाहतां पाहतां मोटार आंसापर्यंत खालीं बसली. दुसरें चाक मात्र कोरड्या जमिनीवर असूनही स्वस्थ उभें होतें!

ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. वळण घेतांना बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. त्यासाठीं दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरतां यावें म्हणून त्यांच्या मध्यें दंतचक्रांची एक योजना केलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. सडकेवर ही योजना फार सोयीची. चिखलांत मात्र तिची उणीव उघडी पडते. ज्या चाकास अडथळा कमी, तेंच मोकळें फिरत सुटतें, आणि ज्याच्याखालीं घट्ट जमीन आहे तें जागचें हलत नाहीं. अशा वेळीं अधिक वेग देणें म्हणजे अधिक खोल रुतणें. आम्हीं इंजिन बंद केलें, फावड्यानें चाकापुढील चिखल काढला, त्याखालीं चपटे दगड बसविले आणि टायरांतील हवा थोडी कमी केली. मग मंद गीअर लावून चारी चाकांच्या जोरानें मोटार हळूहळू बाहेर काढली. ह्यांत जवळजवळ एक तास गेला.

हवा कां कमी करावयाची, असें कोणी विचारील. टायरांत एरवीं दर चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास दाब असतो. तो वीस पौंडांपर्यंत उतरविला म्हणजे टायर चपटा होऊन जमिनीवर अधिक लांब टेकतो, आणि मोटारीचा भार पसरला जातो. उंटाचा रुंद तळवा वाळूंत सहसा रुतत नाहीं, तो ह्याच कारणानें. परंतु सडकेवर परततांच हवा पुन्हां भरली पाहिजे. कमी हवेचा टायर वेगानें पळविला तर तापून फुटण्याचा संभव असतो. दुसऱ्या मोटारीस दोर बांधून ओढण्याची वेळ आलीच, तर ताणलेल्या दोराजवळ कोणींही उभें राहूं नये. दोर तुटला तर तो चाबकासारखा उलट येतो.

चढापेक्षां उतार अधिक कठीण असतो. सुट्या खड्यांवर ब्रेक जोरानें दाबला तर चाकें फिरावयाचीं थांबतात, पण मोटार घसरतच राहते. आणि न फिरणारें चाक वळविलें तरी मोटार वळत नाहीं. म्हणून उतरण्यापूर्वींच सर्वांत मंद गीअर लावावा, क्लचवर पाय ठेवूं नये, आणि इंजिनालाच मोटार आवरूं द्यावी. उतार सरळ उतरावा. आडवें जाऊं लागल्यास मोटार कलंडण्याची भीति असते.

पाणी ओलांडतांना पहिली पायरी माणसानें चालत जाण्याची आहे. हातांत काठी घेऊन तळ चांचपावा व खोली पाहावी. पाणी चाकाच्या मध्यभागाहून वर जात असेल किंवा वेगानें वाहत असेल, तर परत फिरावें. इंजिन ज्या नळीनें हवा ओढून घेतें तिच्यांतून पाणी आंत शिरलें तर मोठें नुकसान होतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. त्यामुळें दट्ट्या पाण्यावर आदळून आंतील पोलादी दांडाही वांकतो. शिवाय हात-दीड हात वाहतें पाणी मोटारीस उचलून ढकलूं शकतें. इतक्या लोखंडाला पाणी काय करणार, असें पुष्कळांस वाटतें. पण बंद दारांची मोटार प्रथम होडीप्रमाणें तरंगते, आणि तरंगणाऱ्या मोटारीच्या चाकांस जमीन मिळत नाहीं.

हे सर्व नियम आम्हांस कमी-अधिक ठाऊक होते. जें ठाऊक नव्हतें, तें पुढें आलें.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही पोफळीच्या खालच्या अंगास नदीकांठीं येऊन पोंचलों. पात्रांत गोट्यांचें मोठें सपाट मैदान पसरलें होतें, आणि एका बाजूनें पाण्याची बारीक धार वाहत होती. पाऊस संपून तीन महिने झाले होते. आकाशांत ढगाचा ठिपकाही नव्हता. मुक्कामास ह्याहून चांगली जागा कोणती, असें म्हणून आम्हीं मोटारी पात्रांत उतरविल्या, चुलीसाठीं तीन दगड मांडले, आणि तंबूचे खुंटे ठोकूं लागलों. इतक्यांत गुरें घेऊन घराकडे चाललेले एक वृद्ध शेतकरी कांठावर थांबले.

“बाबांनो, हितं नका ऱ्हाऊ. रातचं पानी येतं,” ते म्हणाले.

आमच्यांतील एकानें आकाशाकडे पाहून विचारलें, “आजोबा, पाऊस तर कोठेंच नाहीं. पाणी कोठून येणार?”

“पावसाचं न्हाय,” ते म्हणाले, “डोंगरातनं येतं.”

त्यांचें बोलणें आम्हांस नीट समजलें नाहीं. खरें सांगावयाचें तर थोडें हंसूंही आलें. परंतु त्यांनीं जवळच्या एका खडकावरील खूण दाखविली. कमरेइतक्या उंचीवर वाळलेल्या गाळाची रेघ होती, व तिच्यांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या. मग त्यांनींच कांठावरील आपल्या वरकस जमिनींत, नाचणी काढलेल्या तुकड्यांत, उतरण्यास परवानगी दिली. आम्हीं कुरकुर करीत सामान उचललें व मोटारी वर आणल्या.

रात्रीं जेवणें चाललीं असतां खालून घोंघावल्यासारखा आवाज येऊं लागला. विजेरी घेऊन कांठावर गेलों, तों गोट्यांचें तें मैदान नाहींसें झालें होतें. ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत काळें पाणी वेगानें धांवत होतें. आमच्या चुलीचे दगड कोठें होते तें शोधूनही दिसेना. वर चांदणें स्वच्छ पडलें होतें. आणखी दोन तासांनीं आम्ही त्याच जागीं तंबूची दारें बंद करून झोंपलेले असतों. हें ध्यानांत येऊन चौघांपैकीं कोणीही बराच वेळ बोललें नाहीं.

हें पाणी खरोखरच डोंगरांतून आलें होतें. कोयना नदी महाबळेश्वरीं उगम पावून दक्षिणेकडे वाहत येते, मग पूर्वेस वळते व कऱ्हाड येथें कृष्णेस मिळते. म्हणजे तिचें स्वाभाविक जाणें बंगालच्या उपसागराकडे आहे. कोयनानगर येथें 103 मीटर उंचीच्या धरणानें तिचें पाणी अडविलें आहे. त्यांतील बराच भाग सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविला जातो, आणि सुमारें पावणेपांचशें मीटर खालीं पोफळीच्या भूमिगत वीजगृहांतील चक्रांवर सोडला जातो. येथील वीजनिर्मितीस 1962 मध्यें आरंभ झाला. पुढें तेंच पाणी कोळकेवाडीच्या धरणांत सांठवून त्यापासून पुन्हां वीज घेतली जाते, आणि शेवटीं तें वाशिष्ठीस मिळून दाभोळच्या खाडीनें अरबी समुद्रास जातें. संपूर्ण प्रकल्पाची मिळून क्षमता 1960 मेगावॉट आहे.

आतां हें पाणी रात्रींच कां वाढावें? कोळशाचें वीजगृह थंड असलें तर पुन्हां चालू करण्यास कित्येक तास लागतात. पाण्याचें वीजगृह थोड्याच मिनिटांत चालू होतें. म्हणून संध्याकाळीं घरोघर दिवे लागून विजेची मागणी वाढली, कीं अशा वीजगृहांतून अधिक पाणी सोडतात. मागणी उतरली कीं कमी करतात. दूरच्या शहरांत दिवे लागतात, आणि त्यांचें पाणी पोफळीखालच्या नदींत वाढतें. आकाश पाहून ही नदी कळत नाहीं. ती कळते तेथें रोज गुरें नेणाऱ्या माणसास.

ह्यावरून मुक्कामाचे कांहीं नियम ठरवितां येतात. नदीच्या पात्रांत, विशेषतः धरणाच्या किंवा वीजगृहाच्या खालच्या बाजूस, कधींही राहूं नये. सुकलेल्या फांदीखालीं व सुटलेल्या कड्याखालीं तंबू मारूं नये. बंद तंबूंत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवूं नये. त्याच्या विषारी वायूस वास नसतो, व झोंपलेला मनुष्य झोंपेंतच दगावतो. सकाळीं जोडा घालण्यापूर्वीं झटकावा, कारण त्यांत विंचू असूं शकतो. विस्तव पाणी घालून पुरता विझवावा. वाळल्या गवताच्या दिवसांत एका ठिणगीनें सारा डोंगर पेटतो.

दुसऱ्याच्या जमिनींतून त्याच्या संमतीवांचून मोटार नेऊं नये. उभ्या पिकांतून तर नाहींच. वाट जेथें नदी ओलांडते तेथेंच ओलांडावी, पात्रांतून मोटार फिरवीत बसूं नये. मोटारीचें तेल ज्या पाण्यांत मिसळतें, तेंच पाणी खालच्या वाडीचीं गुरें पितात. घाटमाथ्यावरील कोयना अभयारण्य 1985 मध्यें स्थापन झालें, आणि 2010 मध्यें तें व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें तेथें परवानगीवांचून शिरणें हा गुन्हा आहे. तसेंच अठरा वर्षें पुरीं होऊन परवाना हातीं येईपर्यंत मोटारीचें चाक हातीं धरूं नये. हें आमच्या धाकट्या मित्रांस आवडणार नाहीं. परंतु आडवाटेवर चुकीची किंमत सडकेपेक्षां अधिक पडते, आणि दवाखाना दूर असतो.

सकाळीं पाणी ओसरलें होतें. गोटे पुन्हां वर आले होते, मात्र आमच्या चुलीच्या तीन दगडांपैकीं एकही तेथें नव्हता. आम्ही त्या आजोबांच्या घरीं निरोप घेण्यास गेलों. त्यांस कांहीं द्यावें असा आमचा विचार होता. त्यांनीं घेतलें नाहीं. उलट नाचणीची भाकरी व चटणी पुढें ठेवली, आणि पुन्हां आलांत तर आधीं घरीं या, मग नदीवर जा, एवढेंच बजाविलें.

विद्यार्थिमित्रांनीं मोठेपणीं अवश्य आडवाटेस जावें. आपला देश खिडकींतून पाहण्यापेक्षां त्याच्या मातींत उतरून पाहणें केव्हांही चांगलें. मोटारीच्या यंत्राचें ज्ञान घ्यावें, दोर व फावडें बरोबर न्यावें. परंतु मुक्कामाचा पहिला खुंटा ठोकण्यापूर्वीं त्या गांवच्या माणसास विचारावें, आणि त्याचें उत्तर प्रथम समजलें नाहीं तरी ऐकावें.