दीर्घायुष्य आणि प्रेम

भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते, मुलगा परीक्षेला निघाला की आई त्याच्या कपाळी कुंकू लावते. या विधीला आपण औक्षण म्हणतो. औक्ष म्हणजे आयुष्य. ज्याच्यावर माया, त्याच्यासाठी आयुष्य मागायचे, अशी आपली रीत. पण समजा, हे मागणे खरोखरच पुरे झाले आणि माणूस दोन हजार वर्षे जगू लागला, तर त्या मायेचे काय होईल? रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने १९७३ साली ‘टाइम इनफ फॉर लव्ह’ नावाची वैज्ञानिक कादंबरी लिहिली, ती याच प्रश्नावर. नावाचा अर्थ ‘प्रेमाला पुरेसा वेळ’.

या कादंबरीतले दीर्घायुषी लोक आले कोठून? एकोणिसाव्या शतकातल्या हॉवर्ड नावाच्या एका श्रीमंताने मागे पैसा ठेवला. ज्यांचे चारही आजी-आजोबा हयात आहेत, अशा तरुण-तरुणींनी आपसांत लग्ने करावी, हा त्यामागचा हेतू. आपला शेतकरी ज्वारीचे टपोरे कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो ना, तसाच हा प्रकार! पुढे शरीर पुन्हा तरुण करणारे उपचारही निघतात, आणि लॅझरस लाँग हा नायक दोन हजारांहून अधिक वर्षे जगतो.

आता प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण एवढा नाही. १९६१ साली हेफ्लिक या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काचपात्रात वाढवलेल्या माणसाच्या सामान्य पेशी सुमारे ५० वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. माणसाच्या वयाचा पक्का पुरावा असलेला उच्चांक १२२ वर्षांचा. तो फ्रान्समधील झान काल्माँ या बाईंचा. त्या १९९७ साली वारल्या. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते ७० च्या घरात आहे. याचा अर्थ, तेव्हा सगळे बत्तिशीतच जात होते असा नव्हे. लहान मुले फार दगावत, म्हणून सरासरी खाली येई. देवीची लस, स्वच्छ पाणी, सुईणीचे शिक्षण, मलेरियाचा बंदोबस्त यांनी ती वर आली. म्हातारपण लांबले त्याहून अधिक बाळपण वाचले, ही गोष्ट गुरुजींनी वर्गात जरूर सांगावी.

आता कादंबरीकडे वळू. अरबी सुरस गोष्टींत राणी जीव वाचवण्यासाठी गोष्टी सांगते. येथे उलट आहे. लॅझरस जगण्याला विटला आहे, त्याला मरायचे आहे. त्याचा एक वंशज त्याला गोष्टी सांगायला लावून थोपवून धरतो. त्यातली सर्वांत हृद्य गोष्ट डोराची. एका दूरच्या ग्रहावर आगीत आईबाप गमावलेल्या या मुलीला लॅझरस वाचवतो. ती शाळेच्या बाईंच्या घरी वाढते आणि पुढे त्याचीच बायको होते. ती साधी, आपल्यासारखीच अल्पायुषी. दोघे खेचरांच्या गाडीने डोंगर ओलांडतात, नवे रान वहितीला आणतात, लेकरे वाढवतात. डोरा म्हातारी होऊन मरते, लॅझरस मागे उरतो. शेकडो वर्षे हाताशी असलेल्या माणसाला खरा संसार समजतो तो मोजके दिवस असलेल्या बाईपाशी.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. महाभारतात ययाति आपल्या मुलाचे, पुरूचे, तारुण्य मागून घेतो, हजार वर्षे भोग घेतो, आणि अखेर म्हणतो की भोगाने इच्छा शमत नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली या कथेवर ‘ययाति’ लिहिली; तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तिच्यात विज्ञान नाही, पण प्रश्न तोच आहे. ययातीला वेळ मिळाला, प्रेम उमगले नाही. शर्मिष्ठेला सुख थोडे मिळाले, पण प्रेम तिला कळले होते. लॅझरस आणि ययाति यांच्यात फरक हाच, की एकाने आपले आयुष्य दुसऱ्याच्या म्हातारपणाला दिले, आणि दुसऱ्याने आपले म्हातारपण मुलाच्या गळ्यात घातले.

श्रोतेहो, हा केवळ गोष्टीतला प्रश्न नव्हे. आज अमरावती-अकोल्याकडच्या गावागावांतून ऐंशी ओलांडलेली माणसे ओसरीवर बसलेली दिसतात. त्यांची लेकरे पुण्या-मुंबईला. “बाप्पा, जगन्याले लय झालं, पन बोलाले कोनी नाही,” असे एखादी आजी म्हणते, तेव्हा कळते की विज्ञानाने आयुष्य वाढवले, त्या वाढीव वर्षांत सोबत कोणी करायची हे मात्र त्याने सांगितलेले नाही. ते काम आपले. औक्षण करून आयुष्य मागायचे, तर दिलेल्या आयुष्याजवळ घटकाभर बसायलाही हवे. आज संध्याकाळी बसून पाहा.