अकरावीचे विषय ठरवताना

दहावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात, आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो, ‘आता पुढं काय?’ मामा म्हणतात, सायन्सच घ्या. आत्याच्या मते मुलीला कॉमर्स बरं. मुलीचं मन मैत्रिणी जातील तिकडे ओढ घेतं. या गलबल्यात कुणीतरी फॉर्म भरून टाकतं. आणि दोन वर्षांनी कळतं, की जे शिकायचं मनात होतं त्याचा रस्ता या फॉर्मवरच बंद झाला होता!

मैत्रिणींनो, शाखा निवडणं वेगळं आणि विषय निवडणं वेगळं. शाखेचा विचार आपण पुष्कळ करतो. विषय मात्र ‘कॉलेजात जे मिळतील ते’ म्हणून घेतो. खरी गोम असते ती इथंच.

आधी पदार्थ, मग वाणसामान

भरीत करायचं ठरवून बाजारातून कुणी दुधी आणत नाही. आधी पदार्थ ठरतो, मग यादी होते. इथंही तसंच करा. एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मुलीच्या मनातले तीन-चार अभ्यासक्रम, दुसऱ्यात त्यासाठी बारावीला लागणारे विषय, तिसऱ्यात प्रवेश परीक्षा. मुलीनं एकच अभ्यासक्रम नक्की केला पाहिजे असं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं आयुष्याचं सगळं ठरवून टाकावं, ही अपेक्षाच चुकीची. पण तीन-चारही अभ्यासक्रमांना कोणता विषय सामाईक लागतो, हे या पानावर चटकन दिसतं. तो विषय काही केल्या सोडायचा नाही.

विज्ञान शाखा : गणित की जीवशास्त्र?

डॉक्टर व्हायचं, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. एमबीबीएसच नव्हे, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीसाठीही ‘नीट’ द्यावी लागते. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे, एकट्या जीवशास्त्राचे. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो, तेव्हा अंदाजपंचे काम इथं चालत नाही.

इंजिनियरिंगकडे ओढा असेल तर गणिताला पर्याय नाही. राज्याच्या एमएचटी-सीईटीत या गटाचे एकूण २०० गुण. त्यातले १०० गणिताचे, पन्नास-पन्नास भौतिक आणि रसायनचे. प्रश्नांत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. ‘अकरावीचं वर्ष विसाव्याचं’ असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

औषधनिर्माणशास्त्र म्हणजे फार्मसी, आणि कृषी पदवी या दोन्हींसाठी मात्र गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणत्याही गटातून जाता येतं. म्हणून केवळ फार्मसीसाठी मुलीवर दोन्ही विषय लादू नका.

मग दोन्ही घ्यावेत का? मुलीला दोहोंची मनापासून आवड असेल आणि निर्णय खरोखरच अडला असेल, तर जरूर घ्यावेत. पुण्यासारख्या ठिकाणच्या ‘आयसर’ संस्थांच्या प्रवेश परीक्षेत तर भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न असतात. पण ‘असू द्या हाताशी’ म्हणून चार जड विषय घेतले तर एकही धड होत नाही, हेही तितकंच खरं.

संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे द्विलक्षी विषय २०० गुणांचे असतात. ते घेतले की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. बहुतेक ठिकाणी सुटतं ते जीवशास्त्र! तेव्हा वैद्यकीयचा विचार मनात असताना ‘संगणक बरा’ म्हणून सही करण्याआधी कोणता विषय जातो आहे ते विचारून घ्या. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास झालेल्यांना नीट देण्याची वाट राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२३ मध्ये मोकळी केली, हे खरं. पण त्यासाठी पुन्हा परीक्षा आणि बहुधा एक वर्ष खर्ची घालावं लागतं. आधीच काळजी घेतलेली काय वाईट?

वाणिज्य शाखेतली एक निवड

कॉमर्समध्ये अर्थशास्त्र, पुस्तपालन आणि वाणिज्य संघटन हे नेहमीचे विषय. त्यांच्या जोडीला गणित घ्यायचं की चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलं म्हणतात तो ‘एसपी’, हे ठरवायचं असतं. पुष्कळ मुली गणिताच्या धास्तीनं एसपीवर खूण करतात. गुण चांगले पडतात, यात शंका नाही. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांतला एक व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. बारावीला गणित नसलं तरी सीए करता येतं. मात्र दोन वर्षांची मोडलेली सवय तेव्हा नव्यानं लावावी लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यायची तर बारावीला गणित पाहिजेच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.चंही तसंच.

कला शाखा म्हणजे उरलंसुरलं नव्हे

‘गुण कमी पडले म्हणून आर्ट्स’ हे वाक्य आता घरातून हद्दपार करायला हवं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ कोणत्याही शाखेतून देता येते. त्यात इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा आणि तर्काचा विचार आणि थोडं अंकगणित असतं. रोजचं वर्तमानपत्र नीट वाचणारी मुलगी इथं पुढं जाते. डिझाइनच्या एनआयडी आणि फॅशनच्या एनआयएफटी या संस्थांनाही शाखेची अट नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. आपल्या राज्य मंडळात कला शाखेतही गणित घेता येतं, कॉलेजात त्याची सोय असली म्हणजे झालं. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्रात पुढं जाऊ पाहणाऱ्या मुलीला त्याचा फार उपयोग होतो.

‘मुलीला काय करायचंय गणित?’

हे वाक्य कधी आजी म्हणते, कधी वडील, आणि खरं सांगायचं तर कधी आपणही म्हणतो. याची किंमत किती होते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर खडकवासल्याच्या एनडीएचे दरवाजे मुलींना उघडले. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुली तिथून बाहेर पडल्या. या प्रवेश परीक्षेत ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर गणिताचा असतो. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिक, रसायन, गणित लागतंच. वर्षानुवर्षं बंद असलेलं दार उघडलं, आणि आपल्या मुलीपाशी नेमका तोच विषय नसला तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून गणित सोडायचं असेल तर ते मुलीनं, विचार करून, सोडावं. दहावीच्या एका पेपरात गुण कमी पडले, किंवा भावाच्या क्लासची फी भरायची आहे, हे त्याचं कारण होऊ नये.

बारावीचे गुण आणि क्लासचा खर्च

प्रवेश परीक्षेच्या नादात बारावीकडे दुर्लक्ष करू नका. आयआयटी आणि एनआयटीसाठी जेईईतल्या यशाबरोबर बारावीला एकूण ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या मंडळात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा लागते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांना ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ज्या कॉलेजात हजेरी नावापुरती आणि सारा दिवस क्लासमध्ये, तिथं प्रयोगशाळा मुलीच्या वाट्याला किती येते, हे फी भरण्यापूर्वी विचारा.

लाखाच्या घरातली फी ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, तर नीट-जेईईसाठी एनसीईआरटीची पुस्तकं हा पाया. बालभारती आणि एनसीईआरटी या दोन्हींची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. आणि नीट व जेईई मेन मराठीतूनही देता येते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी किंवा हिंदीतूनच.

फॉर्म भरण्यापूर्वी

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्यामुळे सायबर कॅफेतल्या मुलाच्या हाती फॉर्म सोपवून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नका. पुढील गोष्टी स्वतः पाहा :

१. कॉलेजच्या माहितीपत्रकात विषयांचे कोणते गट आहेत? हवा तो गट प्रत्यक्ष चालतो का?

२. हव्या त्या पदवीची पात्रता अधिकृत माहितीपत्रकातच वाचा. नियम वर्षागणिक बदलतात. शेजारच्या ताईच्या वेळचे नियम आज लागू असतीलच असं नाही.

३. अकरावीची गणित आणि जीवशास्त्राची पुस्तकं आठवडाभर घरी आणून मुलीला चाळू द्या. कोणतं पुस्तक ती आपणहून उघडते, याकडे लक्ष ठेवा.

४. विषय बदलायचा झाला तर किती दिवसांत बदलता येईल, ते कॉलेजच्या कार्यालयात विचारून वहीत लिहून ठेवा.

आणि हो, ‘मला त्यातलं काय कळतं’ असं म्हणून मागं राहू नका. वर्षाचं धान्य भरताना, घरखर्चाचा मेळ घालताना तुम्ही हेच तर करत असता. काय लागणार, किती लागणार आणि कशावाचून अडणार, याचा हिशेब! तोच इथं मांडायचा आहे. मुलीला शेजारी बसवा, वही उघडा आणि तीन रकाने भरा. शेवटची खूण मात्र तिला तिच्या हातानं करू द्या. दोन वर्षं अभ्यास तिला करायचा आहे.