मुलाचा आवाज यंत्रापर्यंत पोहोचावा म्हणून

इंग्रजीचा धडा वाचता येतो, उत्तरे लिहिताही येतात. परंतु बोलण्याची वेळ आली की शब्द ओठांवरच थांबतात, हा आपल्या शाळांतून नेहमी येणारा अनुभव होय. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तथापि भरलेल्या वर्गात प्रत्येक मुलास रोज बोलण्याची संधी देणे एकट्या शिक्षकास शक्य नसते. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे साधन आता मोबाईल व इंटरनेटच्या रूपाने उपलब्ध झाले आहे. पडद्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी तोंडी उत्तर देतो, ते ध्वनिमुद्रित होते आणि शिक्षक ते सवडीने ऐकून मार्गदर्शन करू शकतात.

मात्र ध्वनिमुद्रण नीट झाले नाही, तर उत्तर येणाऱ्या मुलाच्या नावापुढेही शून्य पडते. यंत्रातील दोष व मुलाचे अज्ञान यांतील फरक गुणपत्रकावर दिसत नाही. म्हणूनच आरंभीचे थोडे साहाय्य मोलाचे ठरते.

यंत्राची तयारी

मायक्रोफोन वापरू द्यावा काय, असे यंत्र प्रथम विचारते. घाईत नकाराचे बटण दाबले गेले, तर पुढे कितीही बोलले तरी काहीच नोंदले जात नाही. अशा वेळी मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी पुन्हा द्यावी. पुष्कळ मोबाईलमध्ये मायक्रोफोनचे बारीक छिद्र खालच्या कडेस असते. ते बोटाने किंवा कव्हरने झाकले जाणार नाही, हे पाहावे. मोबाईल तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर धरावा. फार जवळ धरल्यास श्वासाचा फुत्कार ऐकू येतो. दूर धरल्यास आवाज क्षीण होतो.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असता किंवा मधल्या सुट्टीच्या गलक्यात मुद्रण करू नये. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. सतरंजी अंथरल्यास व पडदे लावल्यास तो बराच कमी होतो. आधी दोन वाक्ये मुद्रित करून ऐकावीत व मगच खऱ्या उत्तरास आरंभ करावा.

मुलाची तयारी

आपला मुद्रित आवाज प्रथमच ऐकणारे मूल बहुधा लाजते. त्याचे कारण शास्त्रीय आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून व कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. मुद्रणात हाडांतून येणारा भाग नसल्याने तो परका वाटतो. हे समजावून सांगितल्यास संकोच ओसरतो. उत्तर पाठ करवून घेऊ नये. दोन-तीन मुद्द्यांचे शब्द कागदावर लिहू द्यावेत व वाक्ये मुलानेच जुळवावीत. पहिले मुद्रण त्याने स्वतः ऐकावे आणि पुन्हा बोलावे. ‘व्हॅन’ व ‘वॉटर’ यांच्या आरंभीचे ध्वनी इंग्रजीत भिन्न आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठास लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. असे भेद शिक्षकाने आधी दाखवून दिले, की आपल्या मुद्रणात ते मुलास स्वतःच पारखता येतात.

काही प्रणाली आपोआप गुण देतात. लहान मुलाचा कोवळा स्वर, बोलण्याची स्थानिक धाटणी किंवा गोंगाट यांमुळे यंत्राच्या ऐकण्यात चूक संभवते. सबब अंतिम निर्णय शिक्षकाच्या कानांनीच द्यावा.

संमती आणि सहकार्य

मुलाचा आवाज ही त्याची वैयक्तिक ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. म्हणून पालकांना आधी कल्पना द्यावी आणि मुद्रणे इतरत्र पाठवू नयेत.

ज्या घरी मोबाईल नाही किंवा तो वडिलांबरोबर दिवसभर शेतावर जातो, तेथील मुलाने काय करावे? येथे ग्रामपंचायतीचे साहाय्य उपयोगी पडेल. वाचनालयाची किंवा पंचायतीची एक शांत खोली, शाळा सुटल्यावर तासभर, एका मोबाईलसह उपलब्ध झाली, तरी अनेक मुलांची सोय होईल. बोलण्याचे धैर्य बोलूनच येते; ती संधी गावातील प्रत्येक मुलास मिळावी, हे पाहणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.