माळ घातली म्हणून बी-१२ कमी?

‘माळकरी आहेत, मग बी-१२ कमी असणारच.’ मिरजगावात दवाखान्याच्या बाकावर हे इतक्यांदा कानावर येतं, की आता ते निदानच होऊन बसलंय. आकडा खाली दिसला की दोष आहाराला, चार-पाच इंजेक्शनं, विषय संपला.

आहाराचा वाटा खोटा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पथकाने २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं आणि शाकाहाऱ्यांत धोका चौपटीहून जास्त. पण म्हणून प्रत्येकाचं कारण ताटातच कसं असेल? जठरातल्या पेशी ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ बनवतात. त्याच्याशिवाय अन्नातलं बी-१२ आतड्यात नीट शोषलंच जात नाही. शरीराची प्रतिकारशक्ती या पेशींवरच उलटली, की ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस होतो. तो माळकऱ्यालाही होतो, मटण खाणाऱ्यालाही.

‘गोळ्यांनी आकडा वाढला, म्हणजे पोट ठीक’ हेही चूक. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं साधारण एक टक्का, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, फॅक्टर नसतानाही रक्तात जातं. रोजची गरज दोन-अडीचचीच! आकडा चढतो, कारण मात्र पोटात तसंच राहतं.

थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार किंवा कोड असेल, लोह वारंवार कमी येत असेल, तर डॉक्टरांना अँटीबॉडीच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. इंट्रिन्सिक फॅक्टरविरोधी अँटीबॉडी सापडली तर निदान जवळपास पक्कं. पण निम्म्याएक रुग्णांत ती सापडतच नाही, त्यामुळे ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटका नव्हे. फॅक्टर बनवणाऱ्या त्या पेशींविरोधी, म्हणजे पॅरायटल सेलविरोधी, अँटीबॉडी बहुतेक रुग्णांत असते, पण काही निरोगी माणसांतही. शेवटचा शब्द एंडोस्कोपीतल्या बायोप्सीचा.

याच निदानाला मदत करणारं जठरातलं संप्रेरक, गॅस्ट्रिन, केव्हाही तपासता येतं? नाही, उपाशीपोटी, आणि नमुना बर्फात ठेवूनच लॅबला जायला हवा. पित्ताची रोजची गोळीही गॅस्ट्रिन वाढवते, म्हणून ती चालू असल्याचं आधी सांगा. हिमोग्लोबिन चांगलं, म्हणजे बी-१२ही चांगलं? तसंही नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसा आतून बिघडतच राहतात.

तपासणीचं रक्त इंजेक्शनाआधी द्यावं, नाहीतर निकालात घोळ होतो. पण तळपाय बधिर झाले असतील, चालताना तोल जात असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका: त्याच दिवशी रक्त द्या आणि त्याच दिवशी उपचार सुरू करून घ्या.